मिक्चुरिशन : लघवीसाठीचा वैद्यकीय शब्द, त्याचा अर्थ आणि मूळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

केसपेपरवर 'बर्निंग मिक्चुरिशन' असे लिहिले आहे. हा कोणता आजार?

आजार नव्हे, तक्रार. मिक्चुरिशन म्हणजे लघवी करणे. बर्निंग मिक्चुरिशन म्हणजे लघवी करताना होणारी जळजळ. तुम्ही डॉक्टरांना तोंडाने जे सांगितलेत, तेच त्यांनी इंग्रजीत उतरवून घेतले. माझ्या आत्याने असा एक कागद तीन दिवस देवघरातल्या पोथीखाली दडवून ठेवला होता. 'बर्निंग' तिला कळत होते, पुढचा लांबलचक शब्द वाचता येत नव्हता, म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर असणार असा तिचा हिशेब. प्रत्यक्षात तिला उन्हाळी लागली होती.

हा जोडशब्द आपल्याकडच्या दवाखान्यांत फार चालतो. इंग्लंड-अमेरिकेतले डॉक्टर याच तक्रारीला सहसा 'डिस्युरिया' म्हणतात.

उच्चार कसा करायचा?

मिक्-चु-रि-शन, जोर 'रि'वर. 'मेन्स्ट्रुएशन' म्हणजे मासिक पाळी, त्याच्याशी गल्लत करू नका. घाईघाईच्या अक्षरात दोन्ही शब्द सारखेच दिसतात.

मराठीत याला नेमका शब्द कोणता?

पाठ्यपुस्तकात 'मूत्रविसर्जन'. बोलताना तो कोणी वापरत नाही. आपण 'लघवी' म्हणतो, शाळेत करंगळी दाखवून 'एकीला जाऊ?' असे विचारतो, लहान मुलांना 'शू' येते. 'मुतणे' हे खरे तर सरळ, जुने क्रियापद आहे, संस्कृत 'मूत्र'पासून प्राकृतातून आलेले. पण चारचौघांत ते असभ्य ठरले. मौज अशी की 'मूतखडा' आणि 'मुतारी' हे शब्द मात्र कोणालाही खटकत नाहीत.

'लघवी' हा शब्द त्यामानाने आडपडद्याचा. 'लघु' म्हणजे लहान, म्हणजे दोन विधींपैकी धाकटा विधी. पूर्ण रूप 'लघुशंका', आणि तिची थोरली बहीण 'दीर्घशंका'. यातली 'शंका' जरा ध्यानात ठेवा. पोटात काहीतरी जाणवू लागते, जावे लागणार असे वाटू लागते, ती शंका. म्हणजे हा शब्द मुळात क्रियेचा नाही, क्रियेआधीच्या जाणिवेचा आहे. मिक्चुरिशनची गोष्टही अगदी हीच आहे.

मग मिक्चुरिशनचा मूळ अर्थ काय?

'लघवी करण्याची इच्छा होणे'. लघवी करणे नव्हे!

लॅटिनमध्ये लघवी करणे यासाठी 'मिंगेरे' असे क्रियापद होते. त्याला इच्छा दाखवणारा प्रत्यय लागून 'मिक्टुरीरे' झाले, म्हणजे लघवीला लागणे. लॅटिनची ही एक ठरलेली घडण आहे. 'एडेरे' म्हणजे खाणे, तर 'एसुरीरे' म्हणजे खावेसे वाटणे, भूक लागणे. 'पारेरे' म्हणजे जन्म देणे, तर 'पार्टुरीरे' म्हणजे बाळंत होऊ पाहणे, कळा येणे. स्त्रीरोगतज्ज्ञांचा 'पार्ट्युरिशन', म्हणजे प्रसूती, हा शब्द याच शेवटच्या क्रियापदाचा. दोन शब्द दवाखान्यातल्या दोन वेगळ्या मजल्यांवर वावरतात, पण घडण एकाच साच्यातली.

रोमन उपहासकवी जुवेनाल याने हे क्रियापद वापरले आहे. त्याच्या सोळाव्या उपहासकवितेत कोर्टकचेरीच्या विलंबाचे वर्णन येते. सगळी तयारी झालेली आहे, एक वकील अंगरखा उतरवतो आहे, आणि फुस्कस नावाच्या दुसऱ्या वकिलाला नेमकी त्याच वेळी लघवीला लागते. झाले, कामकाज तहकूब. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा विनोद आहे, पण तारखांवर तारखा घेणाऱ्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

इच्छेचा अर्थ गेला कुठे?

वापरता वापरता झिजला. अठराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा तो सारखे लघवीला जावेसे वाटण्याच्या तक्रारीसाठी होता. हळूहळू तो साध्या क्रियेसाठीच वापरला जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकात त्यावरून 'मिक्चुरेट' असे क्रियापदही पाडले गेले. इंग्रजी कोशकारांनी त्यावर नाक मुरडले, कारण त्याची घडणही चुकीची आणि अर्थही चुकीचा. डॉक्टरांनी अर्थातच तिकडे लक्ष दिले नाही.

मला यात डॉक्टरांची फारशी चूक दिसत नाही, कारण आपल्याकडेही नेमके हेच झालेले आहे. संस्कृतात इच्छा दाखवायला 'सन्' प्रत्यय लागतो. पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची ती जिज्ञासा, खाण्याची ती बुभुक्षा. त्यावरून जिज्ञासू, मुमुक्षू. पण पाणिनीने इच्छेचा नियम सांगण्याआधीच दोन सूत्रांत असे काही धातू वेगळे काढून ठेवले, ज्यांना प्रत्यय तोच लागतो पण इच्छेचा अर्थ नसतो. त्यांतला एक धातू 'कित्', आणि त्याचे रूप 'चिकित्सा'. म्हणजे वैद्याच्या कामाला आपण जे नाव दिले आहे, तेही रूपाने इच्छेचे आणि अर्थाने क्रियेचे. 'चिकित्सा' चालते, तर 'मिक्चुरिशन'ने काय घोडे मारले?

संस्कृतशी याचे काही नाते आहे का, की नुसती सारखी घडण?

सख्खे नाते आहे. संस्कृतात 'मिह्' हा धातू आहे. धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, तो 'मिह सेचने' असा येतो, म्हणजे शिंपणे, ओले करणे, आणि त्यावरून लघवी करणे. 'मेहति' म्हणजे लघवी करतो. लॅटिनचे 'मिंगेरे', ग्रीकचे 'ओमेइखेइन', पारशांच्या अवेस्ता ग्रंथातला 'मएझ्', जुन्या इंग्रजीतले 'मीगन' ही सगळी याच घरातली भावंडे. संस्कृतचा 'ह' आणि तिकडचा 'ग' यांचे नाते भाषाभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. आपला 'वह्' धातू, म्हणजे वाहून नेणे, इंग्रजीच्या 'वॅगन'मध्ये असाच 'ग' लेवून बसला आहे.

या 'मिह्'ला सन् प्रत्यय लावला तर व्याकरणाने रूप होईल 'मिमिक्षति', आणि नाम 'मिमिक्षा'. लघवी करण्याची इच्छा. अर्थाने आणि घडणीने हा मिक्चुरिशनचा अगदी जुळा शब्द. उद्या कोणा वैद्याने केसपेपरवर 'सदाह मिमिक्षा' असे लिहिले तर रुग्ण तो कागदही पोथीखालीच ठेवील, ही गोष्ट वेगळी.

पण 'मिह्' आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, तो 'मधुमेह' या शब्दात. मेह म्हणजे लघवी, आणि मधुमेह म्हणजे मधासारखी लघवी. आयुर्वेदात प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांचे, वीस प्रकार सांगितले आहेत. कफाचे दहा, पित्ताचे सहा, वाताचे चार, आणि मधुमेह हा वाताच्या चारांपैकी एक. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांमध्ये रुग्णाच्या शरीराकडे आणि लघवीकडे मुंग्या जमू लागतात असे निरीक्षण नोंदवलेले आहे. लघवीतून साखर जाते हे त्यांनी मुंग्यांकडून ओळखले. इंग्रजी नावातल्या 'मेलिटस'चा अर्थही मधाळ असाच आहे. म्हणजे घरात कोणाला मधुमेह असेल, तर मिक्चुरिशनची चुलत बहीण तुमच्याकडे कधीचीच राहायला आलेली आहे.

'मेह' आणि 'मेघ' हे एकच का?

मोह होतो खरा, दोन्हींत पाणी आहे आणि दोन्ही वरून खाली येतात. पण भाषाभ्यासक ही दोन वेगळी मुळे मानतात. 'मेघ'च्या मुळाचा अर्थ धुके, ढग. त्याचा 'घ' संस्कृतात 'घ'च राहिला. 'मिह्'च्या मुळातला ध्वनी वेगळा होता, म्हणून त्याचा 'ह' झाला.

आणि 'युरिन'?

लॅटिन 'उरीना', ग्रीक 'ऊरोन'. यांचा संबंध पाण्याच्या अर्थाच्या मुळाशी, म्हणजे आपल्या 'वार्', 'वारि'शी जोडतात. डॉक्टरांच्या बहुतेक शब्दांत हा ग्रीक अंश येतो. नॉक्चुरिया म्हणजे रात्री लघवीसाठी उठावे लागणे, पॉलियुरिया म्हणजे एकूण लघवीच जास्त होणे, ऑलिगुरिया म्हणजे कमी होणे, हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त, एन्युरेसिस म्हणजे नकळत होणे, विशेषतः मुलांचे अंथरुण ओले करणे. 'डाययुरेसिस'ची मात्र गल्लत होते. ते लघवी करणे नव्हे, मूत्रपिंडांत लघवी जास्त तयार होणे. लघवी 'साफ' करणाऱ्या ज्या गोळ्या रक्तदाबासाठी देतात, त्यांचे काम हे.

शरीरात प्रत्यक्ष काय घडते?

मूत्रपिंडांतून मिनिटाला साधारण एक मिलिलिटर या बेताने लघवी झिरपत असते आणि मूत्राशयात साठते. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर मावते. दीडशे-दोनशेच्या आसपास पहिली जाणीव होते, पुढे ती वाढत जाते. साठवण चालू असते तोवर मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू सैल आणि तोंडाशी असलेली झडप आवळलेली. करायची वेळ आली की नेमके उलट, भिंत आवळते आणि झडप सैल पडते. या दोन गोष्टी एकाच क्षणी व्हाव्या लागतात. भिंत आवळली आणि झडप उघडली नाही, तर लघवी तुंबते आणि दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो.

हा मेळ घालणारे केंद्र मेंदूच्या देठात असते. १९२५ मध्ये बॅरिंग्टन या इंग्रज संशोधकाने मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवून दिले, म्हणून आजही त्याला बॅरिंग्टनचे केंद्र म्हणतात. त्याच्या वर मोठ्या मेंदूचा अंमल असतो. 'आत्ता नको, बसमध्ये आहोत' असे सांगणारा तो. तान्ह्या बाळात हा अंमल बसलेला नसतो, म्हणून मूत्राशय भरले की ते रिकामे होते, मग कोणाच्या मांडीवर का असेना. साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान मूल सांगू लागते.

म्हणजे लघवीची जाणीव ही एक गोष्ट, ती होणे ही दुसरी, आणि ती धरून ठेवणे ही तिसरी. प्रत्येकीचे मज्जातंतू वेगळे, बिघाड वेगळे. लॅटिनला जाणीव आणि क्रिया यांतला फरक दिसत होता. इंग्रजी वैद्यकाने एकाच शब्दात दोन्ही कोंबल्या.

मग डॉक्टरांना तक्रार सांगायची तरी कशी?

मराठीतच सांगा. आपल्याकडे यासाठी इंग्रजीपेक्षा चांगली सोय आहे, 'लागणे' आणि 'होणे' ही दोन क्रियापदे. एरवी आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही, पण दवाखान्यात त्यांचा नीट वापर केला तर निम्मे निदान तिथेच होते.

'लागते, पण होत नाही. उभा राहतो, जोर करतो, मग कुठे थेंब थेंब सुरू होते.' उतारवयातल्या पुरुषाने असे सांगितले की डॉक्टरांच्या मनात आधी प्रोस्टेटची गाठ येते. 'लागली की धरवत नाही, मोरीपर्यंत पोहोचायच्या आत होते.' इथे वाट अडलेली नसते, मूत्राशयाचा स्नायू उतावळा झालेला असतो. 'लागत नाही, पण खोकले, शिंकले, हसले की होते.' बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर बऱ्याच बायकांना हे होते, त्या ते वर्षानुवर्षे सांगत नाहीत, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने पुष्कळदा बराच फरक पडतो. 'होते, पण झाल्यासारखी वाटत नाही, लगेच पुन्हा लागते.' याला जळजळीची जोड असेल तर जंतुसंसर्गाची शंका.

आणि सर्वांत फसवी तक्रार म्हणजे तक्रारच नसणे. 'आताशा लघवीला लागतच नाही, घड्याळ बघून जातो.' दीर्घकाळच्या मधुमेहात मूत्राशयाचे मज्जातंतू बोथट होतात, भरल्याचे कळेनासे होते, आणि मग ते काठोकाठ भरून थेंबाथेंबाने सांडत राहते. रुग्ण सांगतो की लघवी गळते, आणि आत मात्र ती तुंबलेली असते.

'लघवीचा त्रास आहे' एवढेच सांगितले, तर या साऱ्या तक्रारी एकाच ओळीत गोळा होतात.

जळजळ होत असेल तर घरगुती उपाय पुरतात का?

उन्हात फिरून पाणी कमी प्यायले गेले, लघवी गडद पिवळी होऊन थोडी झोंबली, तर पाणी, ताक, धन्याचे पाणी यांनी बरे वाटते. पण दोन दिवसांत थांबले नाही, तर जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊ नका. त्या घेतल्यावर तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि योग्य औषध ठरवणे अवघड होते. आधी नमुना द्या, तोही मधल्या धारेचा, म्हणजे सुरुवातीची थोडी लघवी सोडून.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, लघवीतून रक्त, किंवा लघवी पूर्णच बंद होणे यांत वाट पाहू नये. गरोदर बाईने तर नुसती जळजळ असली तरी त्याच दिवशी सांगावे.

'एमसीयू' तपासणीतला 'एम' म्हणजे हाच का?

हो. 'मिक्चुरेटिंग सिस्टोयुरेथ्रोग्राम'. बारीक नळीने मूत्राशयात क्ष-किरणांत दिसणारे द्रव भरतात आणि लघवी होत असताना चित्रे काढतात. लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते का, हे त्यात दिसते. मुलांना वारंवार संसर्ग होत असेल तर ही तपासणी सांगतात. मुलाला आधी नीट समजावून न्या, नाहीतर अनोळखी लोकांसमोर त्याला लघवी होतच नाही आणि सगळेच खोळंबतात. मोठ्यांसाठी यंत्रावर धार मोजण्याची सोपी तपासणी असते. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर धार असली तर सहसा ठीक, १० च्या खाली गेली तर अडथळ्याचा संशय.

'मिक्चुरिशन सिंकोपी' काय असते?

लघवी करताना किंवा करून झाल्यावर घेरी येऊन पडणे. बहुधा पुरुषांत, बहुधा रात्री झोपेतून उठून उभ्याने करताना. रक्तदाब अचानक उतरतो. वडीलधाऱ्यांना रात्री बसून लघवी करायला सांगा, आणि एकदा जरी असे झाले तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

दिवसातून किती वेळा आणि किती वेळ?

सहा ते आठ वेळा ही साधारण कल्पना. पाणी, चहा, हवा यांवर ती बदलते. वेळेबद्दल अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक गमतीचा निष्कर्ष छापला. तीन किलोपेक्षा जड असलेले सस्तन प्राणी, मग ते बकरी असो की हत्ती, मूत्राशय रिकामे करायला सरासरी २१ सेकंद घेतात. हत्तीचे मूत्राशय प्रचंड, पण मूत्रमार्गही तितकाच लांब-रुंद, त्यामुळे धार जोरात. याला २०१५ चे इग् नोबेल मिळाले, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते पारितोषिक.

धरून ठेवल्याने काही होते का?

एखाद्या वेळी नाही. सवय लागली तर होते. चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात 'न वेगान् धारयेद्धीमान् जातान् मूत्रपुरीषयोः' असे म्हटले आहे, म्हणजे लघवी-शौचाचे आलेले वेग शहाण्याने अडवू नयेत. न अडवण्याचे तेरा वेग, त्यांत पहिला लघवीचा. इथेही शब्द पाहा, 'वेग'. पुन्हा क्रिया नाही, क्रियेची ओढ.

पण शहाण्याने धरू नये हे म्हणायला सोपे आहे. बाजारात, एसटी स्टँडवर, शेतावर बायकांना जायला धड जागाच नसते, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मुंबईत अशा जागेच्या मागणीसाठी २०११ पासून जी चळवळ उभी राहिली, तिचे नाव 'राइट टू पी'. मराठी बायकांची चळवळ, पण नाव इंग्रजी. 'मुतण्याचा हक्क' असे फलकावर लिहिले असते तर बातमी मागणीची झाली नसती, शब्दाचीच झाली असती.

आपल्या जुन्या वाङ्मयात लघवी तुंबण्याचा उल्लेख आहे का?

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातले तिसरे सूक्त त्यासाठीच आहे. त्यात म्हणणारा रुग्णाला सांगतो, 'प्र ते भिनद्मि मेहनं वर्त्रं वेशन्त्या इव', तळ्याचा बांध फोडावा तसे मी तुझे मेहन मोकळे करतो. 'मेहन' म्हणजे लघवीचे इंद्रिय, पुन्हा तोच 'मिह्'. आणि पुन्हा पुन्हा पालुपद येते, 'एवा ते मूत्रं मुच्यतां बहिर्बालिति सर्वकम्', अशी तुझी लघवी सगळीच्या सगळी 'बाल्' करून बाहेर सुटो. यातल्या 'बाल्'ला अर्थ नाही, तो पाणी पडल्याचा आवाज आहे. मोरीवर मुलाला पायांवर धरून बसलेली आई 'शूऽऽ' करते, तसाच.